देह कुठे पडला, यावर त्याचे कुजणे ठरते : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एकाच दिवशी मरण पावलेल्या दोघांपैकी एकाचा देह माळावर आणि दुसऱ्याचा विहिरीत सापडला, तर दोन्ही सारखेच कुजलेले असतात का?

उत्तर : नाही. उघड्यावर एका आठवड्यात होणारी कूज पाण्यात दोन, तर खोल पुरलेल्या देहात आठ आठवडे घेते, हा एकोणिसाव्या शतकातील बर्लिनच्या कॅस्पर या डॉक्टरांचा ठोकताळा न्यायवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आजही पाठ असतो; मात्र तो थंड हवेच्या प्रदेशातला असल्याने आपल्याकडे जपूनच वापरावा. देह कुजवणारे जिवाणू मुख्यतः आपल्याच आतड्यांतले असतात आणि साधारण 21 ते 38 अंश सेल्सिअस तापमानात ते जोमाने वाढतात. कूज सुरू झाल्याची पहिली दिसणारी खूण बहुधा पोटाच्या उजव्या खालच्या भागावर, जेथे मोठ्या आतड्याचा आरंभ कातडीच्या जवळ असतो तेथे, हिरवट डागाच्या रूपाने उमटते. उन्हाळ्यात त्यासाठी 12 ते 18 तास पुरतात, तर थंडीत एक-दोन दिवस लागतात.

प्रश्न : बुडालेला देह काही काळाने आपोआप वर का येतो?

उत्तर : कुजताना पोटात व ऊतींमध्ये वायू साठतो आणि देह पाण्यापेक्षा हलका होतो. पाण्यात थंडावा असतो आणि देहावर बसणाऱ्या माश्यांची अंडी, अळ्याही नसतात. म्हणून तेथे कूज मंद असते. पण भिजलेला देह बाहेर काढला की ती झपाट्याने वाढते, त्यामुळे शवविच्छेदन लांबणीवर टाकणे हे स्वतःच्या हाताने पुरावा घालवण्यासारखे आहे. ओल भरपूर आणि हवा कमी असेल, तर कधी उलटेच घडते : शरीरातील चरबीचे रूपांतर ॲडिपोसिअर नावाच्या मेणचट पदार्थात होते. तो पिवळसर पांढरा असतो, बोटाला तुपकट लागतो, त्याला खवट वास येतो आणि तो पाण्यावर तरंगतो. त्यात चेहऱ्याची ठेवण, इतकेच काय, जखमांचे आकारही बराच काळ टिकतात.

प्रश्न : मग काही देह हजारो वर्षे कसे टिकले?

उत्तर : तेथे जिवाणूंचे काही चालले नाही म्हणून. डेन्मार्कच्या दलदलीत 1950 मध्ये सापडलेल्या, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या टोलुंड माणसाच्या हनुवटीवरचे खुंट अजून दिसतात, कारण आम्लयुक्त, प्राणवायूहीन पाण्याने त्याची कातडी चामड्यासारखी कमावली गेली. आल्प्समध्ये 1991 साली सापडलेला सुमारे 5,300 वर्षांपूर्वीचा, ओट्झी नावाने ओळखला जाणारा माणूस बर्फामुळे टिकला.

प्रश्न : मुंबईच्या डुंगरवाडीत, म्हणजे पारशांच्या अंत्यविधीच्या जागी, आता गिधाडे येत नाहीत. तेथे काय होते?

उत्तर : पारशी समाजाच्या दखम्यात, म्हणजे मृतदेह उघड्यावर ठेवण्याच्या मनोऱ्यात, देहाचे विसर्जन गिधाडांवर अवलंबून होते. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत गेली. पशुवैद्यकात हे औषध 2006 मध्ये बंद होईपर्यंत देशातील बहुसंख्य गिधाडे संपली होती. म्हणून तेथे सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसवण्यात आली. त्यांनी देह लवकर सुकतो, पण पावसाळ्यात आभाळ भरून आले की त्यांचा फारसा उपयोग होत नाही.