शाळा अचानक बंद झाली तर दुसरीतल्या आणि सहावीतल्या मुलांचं घरी काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघंही नोकरीला, घरी सासूबाई, मुलगी गुजराती माध्यमात दुसरीत, मुलगा सहावीत. मुलांसाठी जादा फोन एकच. तुम्ही मूळच्या नाशिककडच्या, आता बडोद्यात, त्यामुळे गुजराती बोलता येतं पण वाचता येत नाही. कोरोनात झाल्या तशा शाळा पुन्हा एका दिवसात बंद झाल्या तर काय करायचं? मी बडोद्यातच प्राथमिकच्या वर्गांना शिकवते, तेव्हा उत्तर त्या बाजूनं देते.

शाळा किती दिवस बंद राहणार हे पहिल्या दिवशी कुणालाच माहीत नसतं. गुजरातमध्ये १६ मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या त्या दोन आठवड्यांसाठी. पहिली ते पाचवीचे वर्ग उघडले २२ नोव्हेंबर २०२१ ला. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या मुलानं वर्गातला फळा पाहिला तो थेट दुसरीच्या दिवाळीनंतर. पुढे ८ जानेवारी २०२२ पासून पहिली ते नववी परत बंद झाली, ती ७ फेब्रुवारीपर्यंत. आणि साथच यायला हवी असंही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हाही शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्यामुळे चार दिवसांची सुट्टी समजून सोडून देऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनच रोजचा छोटा रतीब लावा.

छोटा म्हणजे खरंच छोटा. घरात सहा तासांची शाळा भरवायला गेलात तर आठवड्याच्या आत घरचे सगळे वैतागतील आणि सगळंच सुटेल. मुलीसाठी वाचन आणि गणित एवढं दोनच धरा. कविता, पर्यावरण, चित्रकला मागून भरून निघते. दुसरीतलं वाचन मात्र आपोआप भरत नाही, कारण तिसरीपासून प्रत्येक विषय वाचूनच शिकायचा असतो. मूल तिथे अडलं की गणितातही मागे पडतं, कारण उदाहरणच वाचता येत नाही. वेळ म्हणाल तर वीस मिनिटं वाचन, वीस मिनिटं गणित, दहा मिनिटं लेखन. यातलं वाचन सकाळी कामावर निघण्याआधी घ्या, बाकीचं संध्याकाळी. थकल्याभागल्या मुलाचं वाचन रात्री घेतलं की रडारड ठरलेली.

तयारी म्हणून एक खोका आत्ताच भरून ठेवा. २०२० मध्ये कितीतरी मुलांच्या वह्या वर्गाच्या कपाटातच अडकल्या होत्या. खोक्यात गेल्या वर्षीची आणि यंदाची पाठ्यपुस्तकं, दोन चौकटीच्या वह्या, दोन दुरेघी, एक चाररेघी, पाटी-पेन्सिल, काट्यांचं साधं घड्याळ, शिंप्याची मोजपट्टी, शंभर काड्या आणि दहा रबरबँड. यंदाची पुस्तकं रोज दप्तरात जातात, म्हणून त्यांच्या पीडीएफ गुजरात पाठ्यपुस्तक मंडळाच्या साइटवरून उतरवून ठेवा, फुकट मिळतात. दीक्षा या सरकारी शिक्षण अॅपवरचे धडेही वायफाय असताना आधीच उतरवता येतात. तुम्ही नदीकाठच्या भागात राहत असाल तर खोका माळ्यावर ठेवा आणि पुस्तकं प्लास्टिकमध्ये गुंडाळा.

आता गुजराती वाचनाचं. तुम्हाला देवनागरी येते, म्हणजे निम्म्याहून जास्त काम झालेलंच आहे. ग, घ, त, न, प, म, व, स ही अक्षरं शिरोरेघ काढली की जवळपास तशीच दिसतात. इ, क, ख, च, ज, झ, फ, ब ही वेगळी. ती रोज दोन याप्रमाणे पाठ करा. ए आणि ऐ लिहिताना अ वर मात्रा देतात. घोटाळा होतो तो तीन ठिकाणी: क आणि फ दिसायला जवळचे, गुजराती प आणि गुजराती पाचचा आकडा जवळजवळ एकच, आणि र व दोनचा आकडाही तसेच. मुलीलाही नेमक्या याच जागा अडतात, तेव्हा तिथे तिच्यावर चिडू नका.

वाचून घ्यायची पद्धत अशी. पुस्तकातला आठ-दहा ओळींचा एक उतारा घ्या. वर्गशिक्षकांना सांगून त्याचं त्यांच्या आवाजातलं एक मिनिटाचं रेकॉर्डिंग व्हॉट्सअॅपवर मागवा. बहुतेक जण आनंदानं पाठवतात. पहिल्या खेपेला मुलगी ओळीवर बोट ठेवून नुसतं ऐकेल, दुसऱ्या खेपेला आवाजाबरोबर म्हणेल, तिसऱ्या खेपेला एकटी वाचेल. तोच उतारा तीन दिवस. एखाद्या शब्दावर ती थांबली तर मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा, मगच सांगा. लगेच सांगितलं की मूल पानाकडे बघण्याऐवजी तुमच्या तोंडाकडे बघायला लागतं. चुका मध्येच दुरुस्त करू नका. शेवटी फक्त तीन शब्द निवडा आणि ते पाटीवर लिहून घ्या. तिसऱ्या दिवशी उतारा पाठ झालेला असतो आणि मूल न बघताच घडाघडा म्हणतं. खरं वाचता येतंय का हे बघायला शेवटच्या ओळीपासून उलटे शब्द विचारा. निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या मोहिमेत दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द एवढी अपेक्षा आहे. घरी मराठी बोलणारं मूल गुजरातीत थोडं मागे असलं तर घाबरू नका, पण महिन्यातून एकदा घड्याळ लावून आकडा लिहून ठेवा.

गणितात दुसरीला सगळ्यात जास्त अडतं ती हातच्याची वजाबाकी. ५२ वजा २७ घाला. मूल ३५ लिहील. एककात २ मधून ७ जात नाहीत, म्हणून ते गुपचूप ७ मधून २ काढतं. ही चूक निष्काळजीपणाची नसते. मोठ्यातून लहान जातं एवढंच मुलाच्या डोक्यात पक्कं असतं. वहीवर दहादा करून घेऊन ती जात नाही, काड्यांनी जाते. दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडा. सात काढायला सांगा. ती अडेल. तिला स्वतःच सुचू द्या की एक गठ्ठा सोडायला हवा. रबरबँड तिच्याच हातानं निघू दे. सुट्या झाल्या बारा, त्यातून सात गेल्या, पाच राहिल्या. चार गठ्ठ्यांतून दोन गेले, दोन राहिले. उत्तर २५. मग २७ आणि २५ एकत्र करून ५२ होतात का ते तपासायला लावा. रोज अशी तीनच उदाहरणं, दोन आठवडे काड्यांनी. मग काड्यांची चित्रं काढून, मग नुसती वहीवर. दुसरा आठवडा संपायच्या आत काड्या काढून घेतल्या की चूक परत येते. आकडे मात्र शाळेच्याच भाषेत बोला. घरी मराठीत आणि शाळेत गुजरातीत ऐकून ८९ सारख्या संख्यांत मूल गोंधळतं.

फोनबद्दल माझं मत ठाम आहे: दोघांचे तास एकाच वेळी आले तर फोन मुलाला द्या. दुसरीतल्या मुलीला पडद्यावरच्या तासापेक्षा तुमच्याजवळ बसून केलेल्या चाळीस मिनिटांचा फायदा जास्त होतो. केंद्र सरकारच्या जुलै २०२० च्या प्रज्ञाता या ऑनलाइन शिक्षणाच्या मार्गदर्शिकेतही पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे दोनच ऑनलाइन तास सुचवले होते, आणि बालवाडीसाठी अर्ध्या तासाच्या वर नको म्हटलं होतं. शाळेनं चार-पाच तास लावले तर पालकसभेत हे नीट दाखवा.

तासाभराचा व्हिडिओ वर्ग अर्धा ते एक जीबी सहज खातो. दिवसाला दीड जीबीचा पॅक दुपारपर्यंत संपतो आणि सरांचा आवाज तुटायला लागला की मूल उठून जातं. आपला कॅमेरा बंद केला तरी समोरून येणारा व्हिडिओ चालूच असतो, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन डेटा कमी वापरण्याचा पर्याय चालू करा. व्हॉट्सअॅपचं आपोआप डाउनलोड बंद ठेवा, नाहीतर महिन्याभरात फोन भरतो. बँकेशी जोडलेलं सिम आणि यूपीआयचं अॅप त्या फोनमध्ये अजिबात नको. फोन हातात धरायला देऊ नका, डोळ्यांच्या उंचीवर टेकवून ठेवा. उजेड चेहऱ्यावर समोरून येऊ दे, आणि दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर लांब बघायला सांगा.

गृहपाठाचे फोटो हा वेगळाच वैताग. एका वर्गाचे चाळीस-पन्नास मुलांचे फोटो एका ग्रुपवर येतात आणि शिक्षकांना कुठलं पान कुणाचं ते कळत नाही. प्रत्येक पानाच्या डोक्यावर नाव, हजेरी क्रमांक, विषय आणि तारीख लिहा. खिडकीजवळ, वरून, सावली न पडता फोटो काढा. पानं जास्त असतील तर गूगल ड्राइव्ह अॅपमध्ये स्कॅन करून एकच पीडीएफ पाठवा. टीव्हीवर धडे लागले तर तेही वापरा. जून २०२० मध्ये दूरदर्शनच्या डीडी गिरनार या गुजराती वाहिनीवर इयत्तेप्रमाणे लागायचे. मात्र पुस्तक आणि वही मांडीवर असेल तरच त्याचा उपयोग.

मुलाचं वेगळं. सहावीतलं पोरगं कॅमेरा बंद करून दुसऱ्या अॅपवर जातं, हे गृहीत धरा. त्याला दार लावून खोलीत बसवू नका. जिथून सासूबाईंना पडदा दिसेल तिथे बसवा. प्रत्येक तासानंतर त्यानं वहीत तीन ओळी लिहायच्या: काय शिकवलं, काय कळलं, काय कळलं नाही. तिसरी ओळ रोज रिकामी असेल तर तास झालेलाच नाही असं समजा. गणिताची नवी पाच आणि मागच्या धड्यांची तीन उदाहरणं. गाइडमधून उतरवलं आहे का हे तपासायला एकाच उदाहरणातले आकडे बदला आणि तोंडानं पायऱ्या सांगायला लावा. पाच मिनिटांत सगळं कळतं. अपूर्णांकावर जास्त लक्ष द्या, सातवी-आठवीचं पुष्कळसं गणित त्यावर उभं आहे.

दुपारी सासूबाईंवर अभ्यास टाकू नका. त्यांच्याकडे पाढे, गोष्टी आणि पत्ते द्या. पत्त्यांतून गुलाम, राणी, राजा काढून टाका, दोन पानं उघडा, बेरीज आधी सांगेल त्याची पानं. आठवड्यानं हाच खेळ वजाबाकीचा. साथीचा काळ असेल आणि त्यांना मधुमेह किंवा दमा असेल तर बाहेरची मुलं घरात घेऊ नका. दुसऱ्या घराची मदत घ्यायचीच तर एकच घर पक्कं करा, रोज बदलू नका, आणि मुलांना गच्चीवर मोकळ्या हवेत बसवा.

सोसायटीच्या जिन्यात पुस्तकांची पेटी ठेवा. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये बडोदा संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि पुढे पेट्यांमधून गावोगाव पुस्तकं फिरवली. आपल्या शहराला ही रीत नवी नाही. वीस पुस्तकं, प्रत्येक घरानं दोन न्यायची, रविवारी परत करायची.

तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची मुलं समितीच्या, म्हणजे महापालिकेच्या शाळेत जात असतील तर त्यांना एक आवर्जून सांगा. मध्यान्ह भोजनात प्राथमिकला रोज १०० ग्रॅम आणि उच्च प्राथमिकला (सहावी ते आठवी) १५० ग्रॅम धान्य धरलेलं असतं. कोरोनात शाळा बंद असताना मुलांना ते धान्य आणि शिजवण्याच्या खर्चाची रक्कम अन्न सुरक्षा भत्ता म्हणून द्यायची होती. शाळेत बँक खातं आणि चालू मोबाइल नंबर नोंदवलेला असला की असं काही मिळवणं सोपं जातं. ते काम शाळा चालू असतानाच उरकायला हवं.

शाळा उघडायची तारीख कळली की दोन आठवडे आधी मुलांना शाळेच्या वेळी उठवा आणि लेखन वाढवा. घरी बसून हाताची सवय जाते. पाच ओळींवरून रोज एक ओळ वाढवत पंधरावर आणा. जून २०२१ मध्ये गुजरात सरकारनं ज्ञानसेतू नावाचा ब्रिज कोर्स, म्हणजे मागच्या इयत्तेची उजळणी, घेतला होता. असं काही निघालं तर मागच्या इयत्तेचं म्हणून टाळू नका, पूर्ण करून घ्या. आणि पहिल्या दिवशी वर्गशिक्षकांच्या हातात एक चिठ्ठी द्या: मुलगी कुठल्या पानापर्यंत वाचते, मिनिटाला किती शब्द, हातच्याची वजाबाकी काड्यांशिवाय येते की नाही. पन्नास मुलांच्या वर्गात एवढं शोधून काढायला आम्हाला महिना लागतो.