बंपर तुटल्यावर कळते ती किंमत

गाडी घेताना, वापरताना आणि ठोकल्यावर पडणारे वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारे गृहस्थ सोलापूर जिल्ह्यात ३१ वर्षं मोटार विम्याचे सर्व्हेअर, म्हणजे अपघातानंतर विम्यासाठी नुकसान तपासणारे, होते.

प्रश्न : काका, नमस्कार. वय २८, राहायला जुळे सोलापूर. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. स्वतःच्या पसंतीची पहिलीच गाडी घेतोय. शोरूम किंमत २० लाखांच्या आत हवी, इंजिन टर्बो पेट्रोल आणि गिअर मॅन्युअलच. ह्युंदाईची क्रेटा एन लाईन, म्हणजे क्रेटाचं स्पोर्टी रूप, मनात भरलीय : लाल पट्ट्या, साईड स्कर्ट, मागे स्पॉयलर, दोन तोंडांचा सायलेन्सर, आत सीटला लाल शिलाई. बाबा म्हणतात, "लाल सूत आपण किलोवर घेतो, हे लोक इंचावर विकतायत. साधी क्रेटा घे." रोज घर ते कारखाना आणि महिन्यातून दोनदा पुणं. या नटण्याला पैसे मोजावेत का?

उत्तर : तुझ्या बाबांचं वाक्य मी घरात वाचून दाखवलं. आमच्या सौ. म्हणाल्या, "सदर त्यांनाच चालवायला द्या." तरी या एका गाडीपुरतं बाबांचं गणित चुकतंय.

साध्या क्रेटाचं दीड लिटरचं पेट्रोल इंजिन ११५ पीएसचं (पीएस म्हणजे ताकदीचं माप). तुला हवं ते टर्बो १६० पीएसचं, टॉर्क, म्हणजे खेच, २५३ न्यूटन-मीटर. मार्च २०२४ मध्ये एन लाईन आली तेव्हा साध्या क्रेटात हे टर्बो फक्त सगळ्यात वरच्या व्हेरिएंटला मिळत होतं, तेही ऑटोमॅटिकमध्येच, आणि किंमत २० लाखांच्या घरात. एन लाईनचं खालचं व्हेरिएंट, एन ८ मॅन्युअल, इंजिन तेच, १६ लाख ८२ हजारांपासून. वरच्या गाडीत बाकीच्या सोयी जास्त होत्या, ते सोड. पण तुला इंजिन हवंय ना? मग नटलेली गाडी स्वस्त आणि साधी महाग, असा उफराटा प्रकार होता तो. त्यानंतर किमती हलल्या, २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीही बदलला, तेव्हा आजची यादी डीलरकडून लेखी घे. ती हातात आली की एवढंच शोध : हेच इंजिन, हाच गिअरबॉक्स, बिनसजावटीचा कितीला? क्रेटात त्याचं उत्तर मिळालं नाही तर त्याच कंपनीची वेर्ना बघ. तिलाही १६० पीएसचं टर्बो मॅन्युअलसह आलं. उंच गाडीचा हट्ट नसेल तर बाबांच्या मनातली 'साधी' तीच.

सजावटीचा आकडा यादीवर दिसतो तेवढ्यावर थांबत नाही. क्रेटासारख्या चार मीटरहून लांब गाडीवर आता ४० टक्के जीएसटी आहे. दोन व्हेरिएंटमध्ये लाखाचा फरक असेल तर त्यातले साडेअठ्ठावीस हजार सरकारचे, माल जेमतेम साडेएकाहत्तर हजारांचा. वर आरटीओ. आपल्याकडे वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ आणि त्यापुढे १३ टक्के, आणि तो टक्का पूर्ण किमतीवर लागतो. १९ लाख ९० हजारांच्या गाडीला कर २ लाख ३८ हजार ८००, २० लाख १० हजारांच्या गाडीला २ लाख ६१ हजार ३००. वीस हजारांच्या शोभेपायी साडेबावीस हजार कर! आणि कारखान्याच्या, म्हणजे कंपनीच्या नावावर घेशील तर २० टक्के. सीएला आधी विचार, नंतर नको.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो.

पाचसहा वर्षांपूर्वी मोहोळच्या अलीकडे एका धाब्यावर मला क्लेम बघायला बोलावलं होतं. गाडी जेमतेम पाच महिन्यांची, स्पोर्टी व्हेरिएंट. गावकऱ्यांनी रातोरात घातलेल्या गतिरोधकावर पुढचा लिप आपटला होता. लिप म्हणजे बंपरच्या खालचा पुढे आलेला ओठ. बंपरचे दोन्ही कान तुटलेले, अख्खं प्रकरण एका क्लिपवर लोंबकळत होतं, आणि मालकाने ते टॉवेलच्या काठाच्या पट्टीने जाळीला बांधून आणलं होतं. पांढऱ्या पट्टीत एक हिरवी रेघ. तोही तुमच्यातलाच कारखानदार. पत्र्याला ओरखडासुद्धा नव्हता. "काका, सगळं विम्यात बसतंय ना?" म्हणून त्याने चहा मागवला. मी चहा आधी पिऊन घेतला, मग सांगितलं.

विम्याच्या साध्या पॉलिसीत घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याची घट, कापतात. पत्र्याच्या भागाला गाडीच्या वयाप्रमाणे : पहिले सहा महिने काही नाही, तिसऱ्या वर्षात १५ टक्के. प्लास्टिक, रबर आणि नायलॉनला मात्र पहिल्या दिवसापासून ५० टक्के. आणि ही सगळी नटवानटवी, बंपर, लिप, स्कर्ट, स्पॉयलर, जाळी, प्लास्टिकचीच असते. समजा २० हजारांचा माल बदलला, तर १० हजार तुझे, शिवाय दीड लिटरपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे हजार रुपये सक्तीची कपात. त्यातून क्लेम केलास की नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, गेला. तो पहिल्या बिनक्लेम वर्षाला २० टक्के असतो आणि पाच वर्षांत ५० टक्क्यांवर जातो. म्हणून शहाणी माणसं लिपचा खर्च खिशातून करतात आणि विमा मोठ्या दिवसासाठी ठेवतात. त्या मुलाकडे झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याची जादा पैशांची सोय, नव्हतं. वर त्या व्हेरिएंटचा बंपर साध्या गाडीला चालत नव्हता, उलटही नाही. साधा सोलापुरात पडून होता, त्याचा यायला सहा आठवडे लागले. तेवढे दिवस गाडी टॉवेलच्या पट्टीवर फिरली. मी पाहिलेली सगळ्यात प्रामाणिक सजावट तीच.

मग चाकं. एन लाईनला १८ इंची रिम आणि २१५/५५ टायर, साध्या क्रेटाच्या वरच्या व्हेरिएंटना १७ इंची आणि २१५/६०. पहिला आकडा टायरची मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंची. गुणाकार केला तर रिम आणि रस्ता यांच्यामध्ये एकीकडे ११८ मिलिमीटर रबर आणि दुसरीकडे १२९. मधले ११ मिलिमीटर पुण्याच्या हायवेवर जाणवणार नाहीत, वळणावर उलट बरंच वाटेल. पण पहिल्या पावसानंतर एमआयडीसीतल्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यात ते आठवतील. नुसता टायर फाटला तर साधी पॉलिसी काही देत नाही. त्याच अपघातात गाडीलाही मार बसला असेल तरच टायरची निम्मी किंमत मिळते.

तर माझं मत : टेस्ट ड्राइव्हसाठी शोरूमने ठरवलेल्या गुळगुळीत फेरीवर जाऊ नकोस, गाडी तुझ्या कारखान्याच्या गेटपर्यंत ने. गतिरोधक नियमाने ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. तुमच्या गेटसमोरचा टेपने मोज, आणि चार माणसं बसवून त्यावरून गाडी घाल. खाली घासली नाही तर एन ८ मॅन्युअल घे. वरच्या एन १० मधला फरक मुख्यतः आतल्या सोयींचा आहे, तो तुझ्या प्रश्नात नाही. वाचलेल्या पैशातून झिरो डेप घे आणि दर वर्षी न विसरता चालू ठेव. मॅट रंग मात्र नको. त्याला पॉलिश मारता येत नाही. आपल्याकडची धूळ आणि कोरड्या फडक्याने गाडी पुसणारा पोऱ्या, दोघे मिळून सहा महिन्यांत त्याच्यावर टक्कल पाडतील. ओरखडा गेला पाहिजे म्हणालास तर अख्खं पॅनेल रंगवावं लागतं.

आणि स्पोर्टी दिसते म्हणून आवडली, एवढंच कारण असेल तरी ते कारण आहे. शेवटी हप्ता तूच भरणार. बाबांना फक्त "इंजिनासाठी घेतोय" असं सांगू नकोस, ते ओळखतील.

प्रश्न : आमच्या ह्यांना फोक्सवॅगन व्हर्टसचं जीटी लाईन घ्यायचंय. म्हणतात, "जीटी आहे, म्हणजे पळणार." शोरूममध्ये जीटी प्लस स्पोर्ट शेजारीच उभी होती, दोन्ही काळ्याकुट्ट, मला फरकच कळला नाही. किमतीत मात्र चांगलंच अंतर. फसवत तर नाहीत ना? – एक वाचक, होटगी रोड

उत्तर : ताई, फसवत नाहीत, पण समजावूनही सांगत नाहीत. जीटी लाईनमध्ये एक लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, ११५ पीएस. जीटी प्लस स्पोर्टमध्ये दीड लिटरचं चार सिलिंडरचं, १५० पीएस आणि २५० न्यूटन-मीटर. व्हर्टसला ही दोन नावं ऑक्टोबर २०२४ पासूनची. जीटी लाईन म्हणजे मोठ्या भावाचा कोट घातलेला धाकटा. कोट छान बसलाय, धाकटाही काही लेचापेचा नाही. चार माणसं आणि सामान घेऊन तुळजापूरचा घाट तो मजेत चढेल.

तुमच्या ह्यांना कोट आवडला असेल तर घेऊ द्या. पळण्यासाठी घेत असतील तर त्यांना त्याच दिवशी दोन्ही गाड्या पाठोपाठ चालवायला लावा, आणि तुम्ही शेजारी बसा. गाडीमागचं अक्षर वाचून इंजिन ठरवू नका, माहितीपत्रकात शेवटी बारीक अक्षरातला तक्ता असतो तो वाचा. ह्युंदाईच्या 'एन'चंच उदाहरण घ्या. ते अक्षर कंपनीच्या कोरियातल्या नामयांग केंद्रावरून आणि जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगच्या ट्रॅकवरून आलं. परदेशातली खरी आय २० एन २०४ पीएसची, आपल्याकडची आय २० एन लाईन १२० पीएसची. तरी आपल्या एन लाईनला कंपनीने नुसते स्टिकर चिकटवले नाहीत. सस्पेन्शन कडक केलं, स्टिअरिंग जड केलं आणि मागच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले. अशा सजावटीला मी सजावट म्हणत नाही.

प्रश्न : माझी सहा वर्षांची आय २० आहे. सोलापुरात एक जण ३५ हजारांत फायबरचं बॉडी किट, मोठा स्पॉयलर आणि आवाजाचा सायलेन्सर बसवून देतो. नवीन स्पोर्टी गाडीपेक्षा हे परवडेल ना? – अक्कलकोट

उत्तर : १९९८ साली मी हेच केलं होतं, तेव्हा माझ्याकडे झेन होती. सात रस्त्याजवळच्या एका गॅरेजवाल्याने डिकीच्या झाकणाला चार भोकं पाडून स्पॉयलर बसवला. भोकांच्या कडांना प्रायमर लावला नाही, खाली रबरही घातलं नाही. पहिलं वर्ष मी चालताना दुकानांच्या काचांत गाडी बघायचो. दुसऱ्या वर्षी परतीच्या पावसात स्टेपनीच्या खळग्यात वीतभर पाणी साचलं, जॅक गंजून बसला, आणि एका भोकाभोवतीचा पत्रा बोटाने दाबला की पापडासारखा मोडायला लागला. झाकण बदलायला स्पॉयलरच्या चौपट खर्च आला. सर्व्हेअर असून क्लेम करता आला नाही, कारण गंजाला विमा नसतो.

हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. १२० च्या वेगाला स्पॉयलर जे काम करतो त्याचा चौथा भाग ६० ला. नवी पेठेत संध्याकाळी तुमचा वेग किती असतो? कंपनीच्या गाडीवर निदान तो भाग गाडीबरोबर तपासलेला असतो आणि विम्याच्या किमतीत धरलेला असतो. बाहेरून बसवलेलं किट पॉलिसीत वेगळं नोंदवलं नसेल तर क्लेममध्ये त्याचे शून्य.

सायलेन्सरचं तर मनातूनच काढा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. दंड प्रत्येक बदलामागे ५ हजार, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्या ३५ हजारांत चार चांगले टायर घाला, पुढचे ब्रेक पॅड आणि शॉकॲब्सॉर्बर तपासून घ्या. गाडी पळताना फरक कळेल, उभी असताना कळणार नाही. तेवढं सोसावं लागेल.

प्रश्न : मला आवडलेल्या स्पोर्टी गाडीचं छत काळं आहे. सोलापूरच्या उन्हात घ्यावी का? – एक वाचक, मोहोळ

उत्तर : मे महिन्यात दुपारी दोनला पार्क चौकात उभ्या असलेल्या काळ्या गाडीच्या टपावर तळहात ठेवा, मग शेजारच्या पांढऱ्या गाडीच्या. तरीही काळीच हवीशी वाटली तर सावलीतली पार्किंग आधी शोधा. मला लाल हवी होती. आमच्या सौ.नी पांढरी घ्यायला लावली. एसी झटक्यात गार करतो. लाल अजूनही हवी आहे.