वाचकांचे प्रश्न : विश्वचषकाची भिशी

2030 चा फुटबॉल विश्वचषक स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्को या तीन देशांत होणार आहे. 1930 मध्ये पहिली स्पर्धा उरुग्वेत झाली, तिच्या शताब्दीनिमित्त उरुग्वे, अर्जेंटिना आणि पॅराग्वे यांनाही एकेक सामना मिळाला आहे. हा विश्वचषक पाहायला जाण्याविषयी खानदेशातून आलेल्या पत्रांपैकी चार येथे घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही आठ मित्र लहानपणापासून रेल्वेच्या मैदानावर एकत्र फुटबॉल खेळत आलो आहोत. 2030 चा विश्वचषक स्पेनला जाऊन पाहायचा, असे ठरवून आम्ही दरमहा प्रत्येकी 5,000 रुपयांची भिशी सुरू केली असून सगळी रक्कम एका मित्राच्या बचत खात्यात जमा होते. ऐनवेळी भांडण होऊ नये म्हणून कोणती खबरदारी घ्यावी? — एक वाचक, भुसावळ

उत्तर : आपण जिला भिशी म्हणता ती खरे तर वर्गणी आहे, भिशीत दर महिन्याला कोणाचा तरी नंबर लागतो, तुमच्याकडे सगळ्यांचा नंबर एकदम 2030 मध्येच लागणार आहे. भांडणाची काळजी आपल्याला वाटते ती रास्तच, पण माझ्या मते अडचण त्याआधीच, व्हिसाच्या खिडकीपाशी उभी राहील. स्पेन आणि पोर्तुगालसाठी लागणारा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, गटाला मिळत नाही. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, बोटांचे ठसे वेगळे आणि तपासले जाणारे बँक खातेही ज्याचे त्याचे. आज तुमच्यापैकी सात जणांच्या खात्यातून दरमहा 5,000 रुपये बाहेर जाताना दिसतात आणि आठव्याच्या खात्यात त्याच्या पगाराशी मेळ न बसणारे 35,000 येताना दिसतात. म्हणजे सात जण आहेत त्यापेक्षा कागदोपत्री गरीब ठरले, आणि आठव्याला व्हिसा अधिकाऱ्यापासून प्राप्तिकर खात्यापर्यंत सगळ्यांना खुलासा देत बसावे लागेल. तेव्हा ही वर्गणी बंद करून प्रत्येकाने आपल्याच नावावर आवर्ती ठेव उघडावी आणि महिन्यातून एकदा पासबुके एकमेकांना दाखवावीत. शिस्तही राहील आणि पैसाही ज्याचा त्याच्याकडे राहील.

एकत्र ठेवायच्या गोष्टी दोनच, तिकिटे आणि मुक्काम. 2022 च्या स्पर्धेत एका अर्जदाराला एका सामन्याची जास्तीत जास्त 6 तिकिटे घेता येत होती, 2026 साठी ही मर्यादा 4 वर आली. त्यामुळे आठ जणांनी दोन चौकड्या करून दोघांच्या नावावर अर्ज करणे सोयीचे. आठही जण शेजारी-शेजारी बसतील ही आशा आताच सोडून द्यावी. तिकिटे केवळ फिफाच्या अधिकृत विक्रीतून आणि अधिकृत फेरविक्रीतूनच घ्यावीत. मुक्कामाची नोंदणी रद्द करता येईल अशीच करावी, कारण आठांपैकी एखाद्याचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो. तसे झाल्यास त्याच्या तिकिटाचे काय करायचे, खोलीचा वाटा कोणी उचलायचा आणि बाकीचे सात जण जाणार की नाही, हे आजच एका कागदावर लिहून आठ सह्या घ्या. मैत्रीत कागद कशाला, असे कोणीतरी म्हणेलच. त्याची सही पहिली घ्यावी.

एक गोष्ट अनुभवाची. 22 नोव्हेंबर 2022 रोजी कतारमधील लुसैल येथे अर्जेंटिना आणि सौदी अरेबिया यांचा सामना पाहायला आम्ही चौघे गेलो होतो. तिकिटे मोबाइलवरच होती आणि आळसामुळे आम्ही ती वाटून न घेता चारही एकाच्याच फोनमध्ये ठेवली होती. सकाळपासून फोटो काढून काढून त्या फोनची बॅटरी नेमकी प्रवेशद्वारापाशी संपली. पॉवर बँक होती, तिची केबल हॉटेलच्या खाटेवर राहिली होती. दुपारी 1 चा सामना. बाहेरच्या उन्हात एका परक्या माणसाच्या केबलला फोन लावून आम्ही टक्के वाढण्याची वाट पाहत असताना आतून एकदम गर्जना उठली. दहाव्या मिनिटाला मेस्सीने पेनल्टीवर केलेला तो गोल आम्ही भिंतीच्या या बाजूने ऐकला. उत्तरार्धात सौदीने पाच मिनिटांच्या अंतराने दोन गोल करून सामना 2-1 असा फिरवला तेव्हा आम्ही जागेवर होतो, एवढेच समाधान. तिकीट ज्याचे त्याच्या फोनमध्ये असावे.

प्रश्न : माझी केळीची बाग आहे. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्यामुळे मी आयकर विवरणपत्र भरत नाही, आणि केळीचे पैसे बहुतेक रोखीने येतात. मला व्हिसा मिळेल का? — एक शेतकरी वाचक, रावेर तालुका

उत्तर : मिळू शकतो, मात्र आपली ऐपत कागदावर दिसली पाहिजे. सर्वप्रथम व्यापाऱ्याकडून येणारी रक्कम यापुढे बँकेतूनच घेण्यास सुरुवात करावी. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात अचानक चार-पाच लाख भरले, तर त्याने विश्वास वाढण्याऐवजी शंकाच वाढते. तीच रक्कम हंगामागून हंगाम येताना दिसली की प्रश्न उरत नाही. कर बसत नसला तरी विवरणपत्र भरता येते आणि त्यात शेतीचे उत्पन्न करमुक्त म्हणून दाखवता येते, ते या वर्षापासूनच भरावे. सातबारा आणि आठ-अचे उतारे इंग्रजी भाषांतरासह जोडावेत. व्हिसा देणाऱ्याला मुख्यतः एकच पाहायचे असते, ते म्हणजे हा माणूस परत येईल का. आणि उभी बाग मागे ठेवून गेलेला माणूस परत येतो, हे त्या उताऱ्याइतके स्पष्ट दुसरा कोणताही कागद सांगत नाही.

आपण न विचारलेला एक प्रश्न मात्र मीच विचारतो. स्पर्धा जून-जुलैमध्ये आहे आणि मृगबागेची लागवडही त्याच दिवसांत येते. ती कोणावर सोपवणार? साखळी फेरीतील दोन-तीन सामने पाहून बारा दिवसांत परतावे, असे मी सुचवेन. अंतिम सामन्याच्या एका तिकिटाच्या किमतीत साखळीतील कितीतरी सामने पाहून होतात.

प्रश्न : एकाच सहलीत स्पेन आणि मोरोक्को दोन्ही करता येतील का? — एक वाचक, धुळे

उत्तर : येतील. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी सुमारे 14 किलोमीटर रुंद आहे आणि स्पेनच्या तारिफाहून मोरोक्कोच्या टँजियरला बोट साधारण तासाभरात पोहोचते. परंतु मोरोक्को शेंगेनमध्ये नाही, त्याचा व्हिसा स्वतंत्र काढावा लागतो; आणि आपला शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर टँजियरला उतरताच तो संपला, मग परतीचे विमान माद्रिदहून असले तरी तिथे पोहोचता येणार नाही. अर्जातच एकापेक्षा अधिक प्रवेशांची मागणी करावी, किंवा मोरोक्को शेवटी ठेवून तिथूनच परतावे. 2018 मध्ये रशियाने तिकीटधारकांना फॅन आयडीवर व्हिसाविना प्रवेश दिला होता, त्यावर विसंबून कोणी थांबू नये. 2026 साठी तिकीट असूनही अमेरिकेचा व्हिसा वेगळाच काढावा लागतो.

प्रश्न : मुलगा मित्रांबरोबर जाणार म्हणतो. बिबडे, कळण्याचे पीठ, काळा मसाला आणि घरचे तूप बरोबर दिले तर चालेल का? — एक गृहिणी, शहादा

उत्तर : बिबडे आणि पीठ बंद पाकिटात, वर नाव लिहून द्यावे. तूप मात्र देऊ नये. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आत नेता येत नाहीत, पेढेही त्यातच आले. काळ्या मसाल्यात आपण खसखस घालता का, हे मला ठाऊक नाही, पण घालत असाल तर या खेपेला वगळावी. युरोपला जाणारी बरीच विमाने दुबईमार्गे जातात, आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोडते. मुलगा वाटेत दोन दिवस तिथे उतरणार असेल, तर अनारसेही घरीच ठेवावेत.