मेश बारीक केल्यावर हँगिंग नोडवर उत्तर शून्य का येतं?

तुम्ही म्हणताय, डील.टू (फायनाइट एलिमेंट पद्धतीची सी++ लायब्ररी) मध्ये अर्धी मेश, म्हणजे एलिमेंट नावाच्या तुकड्यांची जाळी, बारीक केली, समीकरणं सोडवणारा सॉल्व्हर बिनबोभाट चालला, पण मोठा एलिमेंट दोन लहानांना भिडतो तिथला मधला नोड (हाच हँगिंग नोड) चित्रात थेट शून्यावर जातो. सॉल्व्ह झाल्यावर कन्स्ट्रेंटचं (बंधनांचं) डिस्ट्रिब्यूट हे फंक्शन बोलवायचं राहिलंय, पैज लावतो.

मधला नोड स्वतंत्र नसतो. साध्या लिनियर एलिमेंटमध्ये त्याची किंमत म्हणजे दोन शेजाऱ्यांची सरासरी: एकाकडे ०.८, दुसऱ्याकडे १.०, तर याच्याकडे ०.९. (क्वाड्रॅटिक एलिमेंटमध्ये शेजारी तीन, आणि त्यांची वजनं ३/८, ३/४ आणि उणे १/८ होतात. तो उणे पाहून मी आधी छपाईची चूकच समजलो होतो.) असेंब्लीच्या वेळी, म्हणजे सगळ्या एलिमेंटची समीकरणं एका मॅट्रिक्समध्ये जोडताना, या नोडचा वाटा शेजाऱ्यांच्या खात्यात जातो आणि त्याच्या ओळीत फक्त कर्णावरचा एक आकडा उरतो, उजवीकडे शून्य. सॉल्व्हर त्या ओळीचं उत्तर शून्यच देणार, त्याचा काही दोष नाही. ०.९ ही किंमत नंतर डिस्ट्रिब्यूट भरतं. म्हणजे तेच बंधन दोनदा लागतं, सॉल्व्हच्या आधी आणि नंतर. डॉक्युमेंटेशनमध्ये हे आहे, पण पहिल्या वाचनात निसटतं.

क्रमही पाहा. आधी हँगिंग नोडची बंधनं, मग बाउंडरीच्या (कडेच्या) किमती, शेवटी क्लोज हे फंक्शन. ज्या नोडवर आधीच बंधन आहे त्याला बाउंडरीवालं फंक्शन हात लावत नाही, आणि थ्रीडीमध्ये बाउंडरीवरही हँगिंग नोड असतात. 'अ' 'ब'वर आणि 'ब' 'क'वर अवलंबून, असल्या साखळ्या क्लोज सोडवतं.

मी विक्रोळीला नोकरीला लागलो तेव्हा हेच सरासरीचं समीकरण अबॅकस (Abaqus) या सॉफ्टवेअरमध्ये लिहून तोंडघशी पडलो होतो. तिथे सगळी पदं एकाच बाजूला लिहून बेरीज शून्य करायची असते: १, उणे ०.५, उणे ०.५. मी दोन्ही उणे गाळले. टोकं खाली वाकली आणि मधला नोड ऐटीत वर! शेजारच्या टेबलावरच्या मॅडम चहाचा कप हातात घेऊन बराच वेळ हसत होत्या. शिवाय तिथे समीकरणातलं पहिलं पद काढून टाकलं जातं, म्हणून ज्या नोडवर बाउंडरी कंडिशन आहे तो पहिला ठेवू नका. कॅल्क्युलिक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही तसंच.

कुणी म्हणेल, पेनल्टी लावा, म्हणजे बंधन मोडलं की एका मोठ्या आकड्याने दंड करा, सोपं आहे. मला ते पटत नाही. आकडा लहान ठेवला तर बंधन सैल राहतं, फार मोठा केला तर डबल या संख्याप्रकाराचे जेमतेम सोळा अंक त्यातच खर्ची पडतात.

डिस्ट्रिब्यूट घालूनही खड्डा राहिला तर क्लोजनंतर कन्स्ट्रेंटचं प्रिंट चालवा आणि त्या एका नोडच्या ओळी इथे टाका.