एक किडनी काढल्यावर जर्मनीला जावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय 48, घर कोथरूडला, नोकरी हिंजवडीत, शुगर आहे पण गोळ्यांवर आटोक्यात. डाव्या किडनीत साडेपाच सेंटिमीटरची गाठ, तीही मध्यभागी, रक्तवाहिन्यांना लागून, त्यामुळे पूर्ण किडनी काढावी लागेल असं युरोलॉजिस्ट म्हणतात. आजचं क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) 1.1, ईजीएफआर (दोन्ही किडन्या मिळून किती गाळतात त्याचा अंदाज) 83. ऑपरेशन दिवाळीनंतर, आणि श्टुटगार्टच्या कंपनीत 1 फेब्रुवारीला रुजू व्हायचं आहे. एक किडनी गेली की फंक्शन निम्मं होणार, म्हणजे 41 च्या आसपास, आणि एवढ्यावर परक्या देशात निभावेल का, ही तुमची धास्ती.

माझीही एक किडनी अशाच गाठीपायी पुण्यात काढली आणि नंतर मी जर्मनीत आले, म्हणून जरा सविस्तर लिहिते. जरूर या. फक्त 1 फेब्रुवारीला नको.

आधी ते 41 डोक्यातून काढा. एक किडनी गेल्यावर उरलेली स्वस्थ बसत नाही. तिच्यातला रक्तप्रवाह वाढतो, प्रत्येक गाळणी जास्त गाळू लागते, पुढच्या काही महिन्यांत ती आकारानेही थोडी मोठी होते. म्हणून ऑपरेशनआधीच अंदाज बांधता येतो, आणि तो बांधायलाच हवा. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेलं एक सूत्र कागदावर करण्याइतकं सोपं आहे. 35 मध्ये आजच्या ईजीएफआरची 0.65 पट मिळवायची. पूर्ण किडनी काढणार असतील तर 18 वजा. वयाचा पाव भाग वजा. गाठ 7 सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर 3 अधिक, डायबेटिस असेल तर 2 वजा. तुमचे आकडे घातले तर 35 अधिक 54, वजा 18, वजा 12, वजा 2, म्हणजे साधारण 57.

मोठ्या गाठीला 3 अधिक का, असं वाटेल. मोठ्या गाठीने ती किडनी आधीच निकामी करत आणलेली असते आणि दुसरीने कामाचा भार उचललेला असतो. काढून टाकताना गमावण्यासारखं कमी उरतं. उलट गाठ लहान आणि किडनी धडधाकट असेल तर घसरण जास्त जाणवते.

याच कारणासाठी दोन्ही किडन्यांचा वाटा वेगवेगळा किती, हे विचारा. तो रिनल स्कॅनमध्ये, म्हणजे आपल्याकडे डीटीपीए म्हणतात त्यात, कळतो. सीटीवरून दोन्हीकडच्या निरोगी भागाचं आकारमान मोजूनही काढतात. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी यावरून अगदी छोटं सूत्र दिलं आहे: आजचा एकूण जीएफआर, गुणिले राहणाऱ्या किडनीचा वाटा, गुणिले 1.24. समजा तुमच्या उजव्या किडनीचा वाटा 54 टक्के निघाला, तर 83 गुणिले 0.54 गुणिले 1.24, म्हणजे 56. दोन वेगळ्या वाटांनी जवळपास तोच आकडा आला तर मनाला आधार वाटतो. वाटा 42 टक्केच निघाला तर मात्र उत्तर 43 येतं, म्हणजे 45 च्या खाली, आणि मग अर्धवट किडनी वाचवणं खरंच अशक्य आहे का, यावर दुसऱ्या युरोलॉजिस्टचं मत घेतल्याशिवाय टेबलावर जाऊ नका. तुमच्यासारखी मध्यभागी गाठ असेल तर पूर्ण काढण्याचा सल्ला चुकीचा नसतो. कॅन्सर पूर्ण निघणं पहिलं. ईओआरटीसी या युरोपातल्या कॅन्सर-संशोधन संस्थेच्या चाचणीत अर्धवट किडनी ठेवलेल्यांचं फंक्शन जास्त राहिलं, पण किडनी पूर्ण निकामी होण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच कमी होतं.

45 या आकड्याला एवढं महत्त्व आहे, कारण ऑपरेशनमुळे कमी झालेलं फंक्शन आणि डायबेटिस किंवा बीपीने कुरतडून कमी झालेलं फंक्शन सारखं वागत नाही. पहिलं एकदा खाली येऊन बहुतेकांत स्थिरावतं, विशेषतः 45 च्या वर राहिलं तर. दुसरं सरकत राहतं. तुम्हाला शुगर असल्याने तुमच्यात दोन्ही गोष्टी आहेत, म्हणून लघवीतली अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशोची तपासणी (लघवीतून प्रथिनं गळतात का ते तिच्यात कळतं) आजच करून घ्या. ती 30 च्या आत असेल तर पुढचा रस्ता बराच मोकळा. जास्त असेल तर ऑपरेशनआधी नेफ्रॉलॉजिस्टला, म्हणजे किडनीच्या फिजिशियनला, भेटा, बीपीची आणि शुगरची कोणती औषधं किडनीला जपतात ते त्यांच्याकडून ठरवून घ्या. घरी कोणीतरी नक्की सांगेल की अमक्यांनी भावाला किडनी दिली आणि ते पर्वती रोज चढतात. चांगलीच गोष्ट आहे, पण दाता निवडतानाच शुगर नसलेला, ठणठणीत निवडतात. त्यांच्यावरून तुमचा अंदाज बांधू नका.

आता 1 फेब्रुवारीबद्दल. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यांत क्रिएटिनिन वरखाली होतं. त्यावर घाबरायचंही नाही आणि खूशही व्हायचं नाही. खरा नवा आकडा 3 महिन्यांनंतरचा. तुमचं क्रिएटिनिन तेव्हा 1.5 च्या आसपास असेल, रिपोर्टवर ठळक अक्षरात येईल, आणि ईजीएफआर 60 च्या खाली म्हणून ‘क्रॉनिक किडनी डिसीज, स्टेज 3ए’ असं लिहिलेलं दिसेल. आधीच अंदाज काढून ठेवला असेल तर ते वाचून हात थरथरणार नाहीत. तो आकडा आणि पहिला फॉलोअप पुण्यातच, तुमचं पोट उघडलेल्या डॉक्टरांसमोर व्हावा असं मला मनापासून वाटतं. कंपनीला स्वच्छ कळवा की 1 एप्रिल किंवा 1 मे जमेल. कारण सांगायची गरज नाही. जर्मनीत लोकांचे नोटीस पीरियडच तीन-तीन महिन्यांचे असतात, उशिरा रुजू होणं तिथे नवलाचं नाही.

इन्शुरन्सची भीती बाळगू नका, पण निवड नीट करा. तिथल्या सरकारी पद्धतीच्या क्रांकनकासं, म्हणजे आरोग्यविमा संस्था, आधीच्या आजारावरून तुम्हाला नाकारत नाहीत आणि हप्ता पगारावर ठरतो, आजारावर नाही. पगार ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर एजंट प्रायव्हेट घ्या म्हणून मागे लागतील. प्रायव्हेटवाले आरोग्याची प्रश्नावली भरून घेतात, हप्ता वाढवतात किंवा सरळ नाही म्हणतात. तुम्ही त्या वाटेला जाऊच नका. रुजू होण्याच्या बरेच दिवस आधी पोचू नका, कारण मधल्या काळाच्या प्रवास-विम्यात जुने आजार सहसा धरत नाहीत.

आल्या आल्या घराजवळचा हाउसआर्त्स्ट, म्हणजे फॅमिली डॉक्टर, गाठा. त्याची चिठ्ठी घेऊन युरोलॉजिस्ट आणि नेफ्रॉलॉजिस्टच्या वेळा घ्या. तारखा महिनोन्महिने मिळत नाहीत, तेव्हा 116117 वर फोन करून मागता येतात. लॅबचा रिपोर्ट हातात आला की आधी एकक बघा. काही ठिकाणी क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये देतात, आणि आपलं 1.5 तिथे 133 दिसतं. 88.4 ने भागलं की आपला ओळखीचा आकडा मिळतो. तपासणीच्या आदल्या रात्री मटण-चिकन टाळा, त्यानेही क्रिएटिनिन चढतं.

एका गोष्टीबद्दल मात्र मी हात जोडून सांगते. जर्मनीत पाठ दुखली, दात दुखला, ताप आला की सरसकट आयबुप्रोफेन देतात, आणि ते किडनीला बाधू शकतं. प्रत्येक डॉक्टरला आणि डेंटिस्टला तोंड उघडण्याआधी सांगा की एकच किडनी आहे. पॅरासिटामॉल चालतं का ते विचारून घ्या. पुण्याहून येताना कॉम्बिफ्लॅमची पाकिटं आणू नका, त्यातही आयबुप्रोफेनच आहे. कोणी प्रेमाने दिलेली भस्मंही नकोत.

बॅगेत ठेवायचं ते हे: ऑपरेशनची नोट, बायॉप्सीचा पूर्ण रिपोर्ट, सगळ्या सीटींची सीडी (नुसता कागद इथे पुरत नाही) आणि आत्तापर्यंतची सगळी क्रिएटिनिन तारखेनुसार एका कागदावर. बायॉप्सीचे ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेले गाठीचे तुकडे, पुण्याच्या लॅबमध्येच राहतात. ते मागवायची वेळ आली तर कोण आणून देईल, ते घरच्या एका माणसाला सांगून, पावती त्याच्याकडे देऊन निघा.

रिनल स्कॅन झाला की दोन्ही किडन्यांचे वाटे कळवा, आपण दुसरं सूत्र तुमच्या खऱ्या आकड्यांवर करून बघू.