क्लाइंबिंगसाठी सर्वांत सुरक्षित गाठ कोणती? फिगर ऑफ एट की बोलाईन?

हार्नेसला (कंबर-मांड्यांभोवतीच्या पट्ट्याला) रोप बांधायचाय ना? मग फिगर ऑफ एट, दुसरं काही नको. यूट्यूबवरच्या दहा गाठी अर्धवट येण्यापेक्षा ही एक अंधारातसुद्धा बिनचूक आली पाहिजे. रोपचं टोक हार्नेसमधून घेऊन गाठीतून परत ओवलं की पाच ठिकाणी दोन-दोन पदर शेजारी-शेजारी दिसायला हवेत, कुठे एकमेकांवर चढलेले नकोत, आणि शेपूट (उरलेलं मोकळं टोक) वीतभर. मग एकेक पदर ओढून गाठ करकचून आवळायची.

बोलाईनचं नाव काढलंत म्हणून एवढं लिहितेय. कळकराय सुळक्यावर आमच्या ग्रुपचे एक सीनियर लीड करत होते, म्हणजे रोप घेऊन सगळ्यांत पुढे चढत होते. नवाकोरा, कडक रोप आणि त्यांची नेहमीची साधी बोलाईन (न आवळणाऱ्या फासाची गाठ), मागे स्टॉपर म्हणजे शेपटाला मारायची जादाची गाठ नाही. मधल्या टप्प्यावर रोपचा गुंता सोडवेपर्यंत बराच वेळ गेला. गाठीवर ताण नव्हता आणि त्यांची हालचाल चालूच होती. ते पुढे निघाले तेव्हा माझं लक्ष त्यांच्या कमरेकडे गेलं. फास ढिला पडून शेपूट बोटभर उरलं होतं. मी ओरडले, "दादा, थांबा! गाठ बघा!" त्यांनी निमूटपणे पुन्हा बांधली. खाली जांभिवली गावात आल्यावर मात्र सगळ्यांसमोर सुनावलं की लीडरला मध्येच टोकायचं नसतं आणि पार्टनर चेक, म्हणजे निघण्याआधी एकमेकांची गाठ तपासणं, नवख्यांसाठी असतो.

नवख्यांसाठी? लिन हिल १९८९ मध्ये जगातल्या अव्वल क्लाइंबर्सपैकी एक होती. फ्रान्समध्ये ब्युक्स (Buoux) इथल्या कड्यावर तिने रोप हार्नेसमधून ओवला आणि गाठ पुरी करायचीच राहिली. वर पोचून रोपवर भार टाकला आणि ७० फुटांहून जास्त खाली कोसळली. मध्ये झाड आलं म्हणून वाचली. बिलेअरने (खालून रोप सांभाळणाऱ्या जोडीदाराने) निघण्याआधी गाठीला नुसता हात लावला असता तरी कळलं असतं.

बोलाईन टाकाऊ नाही, हेही सांगते. झाडाला किंवा खडकाला रोप बांधायला ती उत्तम, आणि जोराचा ताण बसून गेला तरी नंतर हाताने पटकन सोडता येते. डबल बोलाईनला स्टॉपर मारून वापरणारे मुरलेले क्लाइंबर आहेतच. आणि रॅपलसाठी (रोपवरून खाली उतरण्यासाठी) दोन रोप जोडताना टोकं एकत्र धरून फिगर ऑफ एट मारू नका, ओढ बसली की ती उलटत टोकाकडे सरकते. तिथे साधी ओव्हरहँड, शेपटं फूटभर. पण हे सगळं माहीतगाराच्या हाताखाली शिका, माझं उत्तर वाचून कड्यावर जाऊ नका.

आणि दादा, तुम्ही हे वाचत असाल तर मान राखूनच सांगते, त्या दिवशी मी टोकलं ते बरोबरच होतं. पुढच्या वेळीही टोकेन.