आधी खोलीत बसून बघ, मग फॉर्म भर

बारावीचा आणि ‘नीट’चा निकाल लागला की पुढचे दोन महिने करिअर समुपदेशक म्हणून माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो. “मॅडम, ऑप्टोमेट्री घेऊ का? चार वर्षं घालवली आणि मग कळलं की हे आपलं काम नव्हे, तर?” विचारणाऱ्यांना फी, हॉस्टेल, कटऑफ सगळं पाठ असतं. ऑप्टोमेट्रिस्ट सकाळपासून संध्याकाळपर्यंत नेमकं काय करतो, असं विचारलं की उत्तर येतं, “डोळे तपासतो.”

ऋचाचंही (नाव बदललं आहे) तेच उत्तर होतं. मिरजेजवळच्या गावातली मुलगी, सोबत वडील. वडिलांचा मुद्दा सरळ होता, “चष्म्याच्या दुकानात बसायला चार वर्षं कशाला शिकायचं?” ऋचा म्हणाली, “मला हेल्थकेअर आवडतं.” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर पेन उचलत नाही.

आधी वडिलांचा गुंता सोडवला. नेत्ररोगतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे डोळ्यांचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. ऑपरेशन तो करतो. ऑप्टिशियन लिहून दिलेल्या नंबरचा चष्मा बसवून देतो. या दोघांच्या मध्ये ऑप्टोमेट्रिस्ट. तो नंबर काढतो, डोळ्याचा दाब बघतो, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीची मापं घेतो, काँटॅक्ट लेन्स बसवतो, तिरळेपणा आणि आळशी डोळ्याचं (लहानपणी नजर पुरती न वाढलेल्या डोळ्याचं) काम बघतो आणि काही गडबड दिसली तर डॉक्टरांकडे पाठवतो. ऑप्टोमेट्रीच्या पदवीत, म्हणजे बी.ऑप्टोममध्ये, आजवर बहुतेक ठिकाणी तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप (रुग्णालयात प्रत्यक्ष काम) अशी रचना राहिली आहे. आपल्याकडे ऑप्टोमेट्रिस्ट शस्त्रक्रिया करत नाही. मनात ऑपरेशन थिएटर ठेवून या वाटेला येणारी मुलं पुढे कुढतात, म्हणून हे मी पहिल्याच भेटीत बोलून टाकते.

मग ऋचाला काम दिलं. ओळखीतून एका धर्मादाय नेत्र रुग्णालयाची सकाळची ओपीडी आणि एका चष्म्याच्या दुकानातली संध्याकाळ मिळवून दिली. अटी साध्या: पेशंटची परवानगी घ्यायची, कशाला हात लावायचा नाही, फोन बॅगेत. “काय आवडलं ते लिहू नकोस. काय घडलं ते लिही.”

ती वही घेऊन आली. सुरुवातीला सगळी यंत्रंच: हनुवटी टेका, कपाळ पुढे, आतलं चित्र बघा, झालं, पुढचा. मी विचारलं, “कंटाळा कधी आला?”

ती बिचकली. “खरं सांगू? अकरा वाजता. तेच तेच. ‘हे स्पष्ट की ते? पहिलं की दुसरं?’”

“मग बाराला निघालीस?”

“नाही, दोन वाजले.”

“थांब म्हणून कोणी सांगितलं होतं?”

“कोणी नाही. एक मुलगा होता, तिसरीतला. मशीनने मायनस नंबर दाखवला होता. पण तिथल्या ऑप्टोमेट्रिस्ट ताई म्हणाल्या, लहान मुलं जवळचं बघायला डोळ्यावर ताण देतात, मशीन फसतं. थेंब टाकून त्याला बाहेर बसवलं. मला बघायचं होतं, नंबर खरंच बदलतो का.”

“बदलला?”

“जवळजवळ उरलाच नाही! अंधारात ताई त्याच्या डोळ्यात पट्टीसारखा उजेड हलवत होत्या आणि एकेक भिंग पुढे धरत होत्या. त्याची आई तर चष्म्याचे पैसे घेऊनच आली होती.”

एवढं ती एका दमात बोलली. वडील पहिल्यांदाच तिच्याकडे बघत होते, माझ्याकडे नव्हे.

माझी पद्धत विचाराल तर ती इथेच आहे. तोंडाने सांगितलेल्या आवडीपेक्षा पाय कुठे रेंगाळले, यावर माझा विश्वास जास्त. कंटाळा प्रत्येक कामात येतो. ‘पहिलं की दुसरं’ हे वाक्य ऑप्टोमेट्रिस्ट जन्मभर म्हणणार आहे. त्या कंटाळ्याच्या आत मुलाला एखादा प्रश्न सापडतो का, एवढंच मी बघते. अभिरुची चाचण्यांचे रंगीत तक्ते माझ्याकडेही आहेत, पण असं काही त्यांतून मी निघालेलं पाहिलं नाही.

वहीतली आणखी एक नोंद मला फार आवडली. एका आजींना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांना ‘ई’चा तक्ता दिला होता: पाय कुठल्या बाजूला ते हाताने दाखवायचं. आजी लाजून अंदाजाने हात फिरवत होत्या. ताई म्हणाल्या, “चुकलं तरी चालतंय आजी, परीक्षा नाही ही.” मग विचारलं, तांदूळ निवडताना ताट कुठे ठेवता? मांडीवर की खाली? त्या अंतरावर जवळचा नंबर ठरला. खाली ऋचाने लिहिलं होतं, ‘नंबर डोळ्याचा नाही, कामाचा.’ हे कोणी तिला शिकवलेलं नव्हतं.

तुम्ही किंवा तुमचं मूल या उंबरठ्यावर असेल तर एका जागी बघून थांबू नका. रुग्णालयात गर्दी आणि आजार दिसतात. दुकानात दिसतं विक्रीचं दडपण, आणि प्रोग्रेसिव्ह (दूरचं-जवळचं एकाच भिंगात असलेला) चष्मा घेऊन ‘जिना उतरताना गरगरतंय’ म्हणत परत आलेला गिऱ्हाईक. दोन्ही याच पदवीचे दिवस आहेत. दुकानात रविवारही बऱ्याचदा कामाचाच. काम करणाऱ्याला दोन गोष्टी जरूर विचारा. आज कोणाचं काम तुम्ही स्वतः पूर्ण केलंत आणि कोणाला पुढे पाठवलंत? तुमच्या बॅचमधल्या कोणी हे काम सोडलं, आणि का? पगाराचा प्रश्न संकोच न करता विचारा, पण शहर आणि जागा धरून विचारा. सरसकट आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

कॉलेज बघताना इमारतीपेक्षा इंटर्नशिप कुठे आणि रोज किती पेशंट हाताखालून जातात, ते बघा. विद्यापीठाची संलग्नता तपासा. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी (तंत्रज्ञ, थेरपिस्ट वगैरेंसाठी) केंद्राचा कायदा झाला, त्यात हा व्यवसाय येतो. प्रवेशाचे नियम त्या-त्या वर्षीचे वाचा, मागच्या वर्षीच्या दादा-ताईचे नकोत. आणि “ही पदवी घेऊन अमेरिकेत प्रॅक्टिस” असं कोणी म्हणत असेल तर सावध व्हा. तिथे तिथली ऑप्टोमेट्रीची पदवी आणि परवाना लागतो.

ऋचाच्या वडिलांनी शेवटी विचारलं, “मॅडम, पण दुकान काढेल ना ती?” ऋचाच म्हणाली, “काढीन, पण तपासायची खोली आधी.” तिने फॉर्म भरला.

त्याच उन्हाळ्यात एक मुलगा तशीच वही घेऊन आला होता. वहीत पेशंट जवळजवळ नव्हतेच. फ्रेम कुठून येते, केवढ्याला पडते, कुठली खपत नाही, याची पानंच्या पानं. त्याला मी बी.ऑप्टोमचा फॉर्म भरू दिला नाही. तो बी.कॉम. करतोय आणि सुट्टीत त्याच दुकानात बसतो.